थॅनोसचे मनोगत : चौथीच्या वर्गातला एक निबंध



मनोगत हा निबंधाचा प्रकार आपल्या सगळ्यांच्या चांगलाच ओळखीचा आहे. 'फाटक्या पुस्तकाचे मनोगत', 'मी नदी बोलतेय', 'वठलेल्या झाडाची कैफियत' हे विषय आपण शिकलो आणि आता शिकवतो. आज मी नमुना निबंध देत नाही. निबंधाच्या तासाला माझ्या वर्गात काय झालं आणि त्यात माझी कुठे चूक झाली, तेवढं सांगते. थोडं लांबेल, पण वाचा.

मी नागपुरातल्या एका प्राथमिक शाळेत चौथीला शिकवते. वर्गात एकतीस मुलं आहेत. फाटक्या छत्रीचं मनोगत लिहून लिहून मुलं कंटाळली होती, आणि खरं सांगायचं तर तपासून तपासून मीही कंटाळले होते. म्हणून या वेळी विषय दिला, 'खलनायकाचे मनोगत'. गोष्टीतला, सिनेमातला, कार्टूनमधला कोणताही वाईट माणूस घ्या आणि तो बोलतोय असं समजून दहा-बारा ओळी लिहा.

मला वाटलं होतं रावण येईल, कंस येईल, गेला बाजार मोगॅम्बो येईल. रावण आला, पण दोनच वह्यांत. डोरेमॉनमधला जियान चौघांनी घेतला. एका पोरीनं तर 'माझी ताई' असं सरळ लिहून टाकलं (तो निबंध उत्तम होता, ताईला दाखवू नका असं तिनं खाली लिहिलं होतं). आणि एकतीसपैकी अकरा वह्यांत एकच नाव होतं, थॅनोस.

खलनायकांचं नागपूरच्या मुलांना तसं नवल नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आपल्या गावात काळी मारबत आणि पिवळी मारबत निघते, सोबत बडगे निघतात. महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या. इडापिडा घेऊन जा म्हणत पोट्टे गळा फाटेस्तोवर ओरडतात आणि संध्याकाळपर्यंत सगळं जळून मोकळं. मारबतीला काय म्हणायचं आहे, हे कुणी विचारत नाही. काळी मारबत म्हणजे इंग्रजांशी हातमिळवणी करणारी भोसले घराण्यातली बाकाबाई, असं गावात सांगतात. तिचं मनोगत मी तरी कधी ऐकलेलं नाही. म्हणूनही असेल, हा विषय देताना मला मजा वाटत होती.

ज्या पालकांना थॅनोस माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हा अमेरिकन कॉमिकमधला, जांभळ्या कातडीचा अवाढव्य माणूस. टायटन नावाच्या ठिकाणचा. जिम स्टारलिन यांनी तो १९७३ मध्ये निर्माण केला. कॉमिकमध्ये तो विश्वातले निम्मे जीव मारतो ते मृत्यूच्या प्रेमापोटी. तिथे मृत्यू ही एक बाई आहे, आणि तिला खूश करायला हा सगळा खटाटोप. पण २०१८ च्या एप्रिलमध्ये आलेल्या 'अ‍ॅव्हेंजर्स : इन्फिनिटी वॉर' या सिनेमात कारण बदललं. तिथे तो म्हणतो की विश्वात तोंडं जास्त झाली आणि अन्न-पाणी कमी, माझा ग्रह त्यानंच बुडाला. म्हणून सहा रत्नं जडवलेला हातमोजा घालून त्यानं चुटकी वाजवली, की निम्मे जीव राख होऊन उडून जाणार. गरीब-श्रीमंत असा भेद नाही, नशिबावर सोडलेलं. सिनेमा आला तेव्हा माझ्या वर्गातली पोरं जेमतेम तीन वर्षांची असतील. पण हिंदीत डब झालेला तो सिनेमा त्यांनी मोबाईलवर तुकड्या-तुकड्यांत पाहिलेला आहे, आणि चुटकी सगळ्यांना येते.

अकरा वह्या वाचून मी भाच्याला फोन केला. तो पुण्यात इंजिनीअरिंग करतो आणि हा त्याचा आवडीचा प्रांत. तो म्हणाला, "मावशी, थॅनोसवर अख्खी कादंबरी आहे. तुझ्या पोरांनी काही नवीन केलेलं नाही." पुस्तकाचं नाव 'थॅनोस : टायटन कन्झ्युम्ड', लेखक बॅरी लायगा. सिनेमा आला त्याच वर्षी, नोव्हेंबरमध्ये निघालेलं. सिनेमाच्या जोडीला अशी पुस्तकं काढायची तिकडे रीतच आहे. लायगांनी आधी एका खुनी माणसाच्या मुलावर कादंबरी लिहिलेली होती, त्यामुळे वाईटाच्या घरात शिरून बघण्याचा त्यांना सराव होता. भाच्यानं पुस्तक पाठवलं. माझं इंग्रजी डी.एड.च्या मापाचं. शब्दकोश शेजारी ठेवून दिवाळीच्या सुट्टीत वाचलं. सगळं समजलं असा दावा नाही.

त्यात थॅनोसचं बालपण आहे. तो जन्मला तोच जांभळा, इतरांहून वेगळा. आईनं त्याला पाहिलं आणि तिचं डोकंच फिरलं. बाप हुशार, पण मायेचा नाही. गावानं पोराला दूर ठेवलं. पुढे या हुशार पोराला हिशोब मांडताना दिसतं की आपली नगरी लोकसंख्येनं बुडणार आहे. तो उपाय सुचवतो की निम्म्या लोकांनी मरावं. लोक हादरतात आणि त्याला हाकलून देतात. तिथून पुढे सिनेमातला थॅनोस घडत जातो.

आता वाचणाऱ्यांचं काय झालं ते ऐका, कारण माझ्या वर्गात आणि पालकांच्या ग्रुपवर तेच पुन्हा झालं. भाच्याच्या मित्रमंडळीत, आणि जगभरच्या चाहत्यांतही, या पुस्तकावरून तट पडले. काहींना आवडलं, राक्षसाच्या आत एक नकोसं झालेलं पोर दिसलं म्हणून. काहींना अजिबात नाही. त्यांचं म्हणणं असं की सिनेमात तो दोन वाक्यांत आपली गोष्ट सांगतो आणि आपण घाबरतो. त्याचं लहानपण दाखवलं की तो लहान होतो, भीती जाते. आणखी काहींचा वाद वेगळाच. हे पुस्तक सिनेमाच्या कथेत 'धरायचं' की नाही? सिनेमावाले उद्या वेगळंच दाखवतील, मग हे वाचून काय उपयोग? हा वाद मला आधी पोरकट वाटला. मग आठवलं, आपल्याकडेही 'हे मूळ महाभारतात आहे का?' हा प्रश्न विचारल्याशिवाय कुठली पौराणिक कादंबरी वाचून होत नाही.

डी.एड.च्या होस्टेलवर आम्ही 'मृत्युंजय' पाळीपाळीनं वाचली होती. एकच प्रत, तिची पानं सुटलेली. शिवाजी सावंतांची ही कादंबरी १९६७ ची, आणि नीट पाहिलं तर मनोगतच आहे. कर्ण बोलतो, कुंती बोलते, दुर्योधन बोलतो, वृषाली, शोण, शेवटी कृष्ण. मी रात्री दोनपर्यंत वाचायची आणि सकाळी डोळे सुजलेले. माझ्या खोलीतली मैत्रीण मात्र म्हणायची, "रडून राहिली कायले? भर सभेत द्रौपदीले तो काय बोलला ते विसरली का?" तिनं मला दुसरं पुस्तक आणून दिलं, इरावती कर्व्यांचं 'युगान्त'. तेही १९६७ चंच. त्यातला कर्णावरचा लेख वाचला आणि रडू थांबलं. बाईंनी कर्णाला लाथाडलेलं नाही, पण कुरवाळलेलंही नाही. एका वर्षात, एका भाषेत ही दोन पुस्तकं निघाली. आम्हा पोरींचे होस्टेलवर दोन पक्ष झाले, मेसमध्ये वेगवेगळ्या टेबलांवर बसायच्या गोष्टी झाल्या. आज हसू येतं. पण वाचकांचं असंच होतं. दुसऱ्याची बाजू कळली की निम्मे म्हणतात 'बिचारा', आणि निम्मे म्हणतात 'म्हणून काय झालं?'

थॅनोसच्या बाबतीत मात्र तिसराही एक गट होता, आणि त्यानं मला जास्त विचारात पाडलं. या गटाला थॅनोस 'बिचारा' वाटत नव्हता. त्यांना तो बरोबर वाटत होता. सिनेमा आल्यापासून 'थॅनोसचं काय चुकलं?' हा विनोद जगभर फिरला. २०१८ च्या जुलैत तर त्याच्या चाहत्यांच्या एका प्रचंड मोठ्या गटानं गंमत म्हणून आपलेच निम्मे सभासद नशिबावर सोडून काढून टाकले. तीन लाखांहून जास्त लोक गेले आणि गेलेलेही खूश होते. गंमतच ती. पण गंमत करणारे अनेक जण थोडं गंभीरही होते, लोकसंख्या खरंच जास्त आहे ना, असं म्हणणारे.

माझ्या अकरा वह्यांपैकी आठ याच गटातल्या निघाल्या.

"मी थॅनोस आहे. लोक मला वाईट म्हणतात पण मी चांगले काम करतो. रस्त्यावर खूप गर्दी आहे. मी अर्धे लोक कमी केले की बसमध्ये जागा मिळेल." एकानं हे लिहिलं. दुसऱ्यानं रुग्णालयाची रांग घातली, तिसऱ्यानं नळाचं पाणी. कुणालाही त्याच्या जांभळ्या कातडीची किंवा आईची कणव आलेली नव्हती, पुस्तक कुणी वाचलेलंच नव्हतं. त्यांना त्याचं गणित पटलेलं होतं.

हे गणित त्यांना कुणी शिकवलं, हे शोधायला मला लांब जावं लागलं नाही. वही चार पानं मागे उलटली. ११ जुलै, जागतिक लोकसंख्या दिन. मी फळ्यावर लिहून दिलेल्या दहा ओळी. शीर्षक, 'लोकसंख्येचा भस्मासुर'. आपण सगळेच हे शीर्षक देतो, या ब्लॉगवरही आलेलं आहे. सातवी ओळ माझी स्वतःची, यमक जुळलं म्हणून आवडलेली : "तोंडे जितकी कमी, सुखाची तितकी हमी." प्रत्येक वहीत ती ओळ सुवाच्य अक्षरात होती आणि शेजारी माझ्या लाल पेनाचं 'छान!' होतं.

गंमत बघा, त्याच वहीत दोन पानं आधी १ जुलैचा कृषिदिन होता. वसंतराव नाईकांची जयंती. यवतमाळ जिल्ह्यातल्या गहुलीचा माणूस मुख्यमंत्री झाला, संकरित बियाणं आलं, धान्य वाढलं, असं मीच लिहून दिलं होतं. १ जुलैला धान्य वाढलं आणि ११ जुलैला ते पुरेनासं झालं. दहा दिवसांत! मुलांनी एकदाही विचारलं नाही, आणि मलाही दिसलं नाही.

तरी मी हे हसण्यावारी नेलं असतं. पण अकरावी वही एका मुलीची होती. तिचं नाव सांगत नाही. चार बहिणींत धाकटी, तिच्या पाठीवर भाऊ. वर्गात फारसं बोलत नाही, अक्षर मोत्यासारखं. तिनं लिहिलं होतं :

"मी थॅनोस आहे. मी एका घरात गेलो. तिथे पाच मुले होती. पाचाचे अर्धे अडीच होतात. अडीच जात नाहीत म्हणून मी दोन नेणार होतो. कोणाला नेऊ असे मी विचारले. आजी म्हणाली धाकटीला ने, ती उगीच झाली. मी चुटकी वाजवली. मी थॅनोस आहे म्हणून मला रडू येत नाही."

मी ती वही घरी नेली. दोन दिवस तपासलीच नाही. काय शेरा लिहायचा? शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

इथे एक कबूल करते. लोकसंख्येवर बोलताना आपण शिक्षक नेहमी हवेत बोलतो. 'लोकसंख्या' म्हणजे कुणीतरी दुसरे, बाहेरचे, जास्तीचे. वर्गात बसलेल्या एखाद्या पोरीला घरी रोज ऐकू येतं की जास्तीची ती तूच, हे डोक्यातच येत नाही. सिनेमातल्या थॅनोसचा दावा आहे की तो नशिबावर सोडतो, भेद करत नाही. खऱ्या घरांत चिठ्ठी टाकली जात नाही. कोण जास्तीचं, ते आधीच ठरलेलं असतं. ते त्या पोरीनं आठ-दहा ओळींत लिहिलं होतं. लायगांच्या अख्ख्या पुस्तकात मला हे सापडलं नाही. तिथे नकोसं झालेलं पोर मोठं होऊन इतरांना संपवायला निघतं. हा भाग मला मुळीच पटला नाही. आपल्या शाळांत काळ्या, जाड्या, बुटक्या म्हणून चिडवलेली किती मुलं असतात. ती जग जाळायला निघत नाहीत. बहुतेक वेळा ती स्वतःलाच यादीतून खोडतात.

पुढच्या आठवड्यात मी निबंधाचा तास गणिताला दिला. फळ्यावर लिहिलं, महाराष्ट्राची लोकसंख्या, २०११ ची जनगणना : सुमारे ११ कोटी २४ लाख. थॅनोसनं चुटकी वाजवली. किती उरले? मदत करत करत पोहोचलो, ५ कोटी ६२ लाख. मग विचारलं, महाराष्ट्रात एवढेच लोक कधी होते? जुने आकडे लिहिले. १९७१ ला ५ कोटी ४ लाख, १९८१ ला ६ कोटी २८ लाख. एका पोरानं बोटांवर मोजून सांगितलं, "म्हंजे मॅडम, पंच्याहत्तर-शहात्तर." बरोबर. म्हणजे एवढा हातमोजा, एवढी सहा रत्नं, आणि झालं काय? आपण पंच्याहत्तर-शहात्तर सालापर्यंत मागे गेलो, एवढंच.

"तेव्हा बसमध्ये जागा होती का?" दुसऱ्यानं विचारलं.

मी मोबाईल काढला. माझ्या सासूबाई मूळच्या बीड जिल्ह्यातल्या. १९७२ च्या दुष्काळात त्या बारा-तेरा वर्षांच्या होत्या. आदल्या रात्री त्यांना बोलतं करून आवाज भरून ठेवला होता. त्या सांगतात, आईबरोबर खडी फोडायला जायचे, सुकडी मिळायची, लाल मिलोच्या भाकरी घशाखाली उतरायच्या नाहीत, विहिरीच्या तळाला वाटीनं पाणी भरायचं. मध्येच मी विचारलेलं आहे, तेव्हा माणसं आतापेक्षा निम्मीच होती ना? त्यावर त्या जरा चिडून म्हणतात, "माणसं व्हती तेवढीच व्हती बाई. पाऊस नव्हता, काम नव्हतं."

वर्ग शांत होता. ७२ साली महाराष्ट्राची लोकसंख्या थॅनोसच्या निम्म्यापेक्षाही कमी होती, आणि तरी चूल पेटत नव्हती. लोक जगले ते दुष्काळी कामं निघाली आणि धान्य गावागावात पोचलं म्हणून. त्यातूनच पुढे रोजगार हमी उभी राहिली. हे मी साध्या शब्दांत सांगितलं. मग मागच्या बाकावरचा, कधी गृहपाठ न आणणारा पोट्टा उभा राहिला.

"मॅडम, त्याच्याजवळ एवढी पावर होती, तर त्यानं खायचं डबल काऊन नाही केलं?"

अहो, हाच प्रश्न जगभरच्या चाहत्यांनी विचारून विचारून गुळगुळीत केलेला आहे. पण आमच्या पोट्ट्यानं तो स्वतःच्या डोक्यानं काढला होता, म्हणून मी त्याला फळ्याजवळ बोलावलं आणि टाळ्या दिल्या. मग दुसरे दोन आकडे लिहिले. देशात १९७०-७१ ला धान्य पिकलं सुमारे १०.८ कोटी टन. २०२१-२२ ला सुमारे ३१.५ कोटी टन. किती पट? जवळजवळ तिप्पट. आणि माणसं? अडीच पटींच्या आसपास. म्हणजे 'खायचं डबल' कुणीतरी केलं होतं, हातमोजा न घालता. मी त्यांना १ जुलैचं पान उघडायला सांगितलं.

आता काही शिक्षक मित्र म्हणतील, मग लोकसंख्या वाढ ही समस्याच नाही का? मी तसं म्हणत नाही. रांगा आहेत, पाणी कमी आहे, वर्गात एका बाकावर तिघं बसतात, मला कुणी सांगायची गरज नाही. पण ती वाढ कशानं आटोक्यात आली तेही पाहा. १९७१ च्या सुमारास भारतात एका बाईला सरासरी पाचाहून जास्त मुलं होत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हा आकडा देशासाठी २.० आणि महाराष्ट्रासाठी १.७ आहे. मुली शिकल्या, लग्नं उशिरा झाली, जन्मलेली मुलं जगू लागली, दवाखाने जवळ आले. चुटकी वाजवायचा प्रयत्नही आपल्या राज्यात होऊन गेला आहे. १९७६ मध्ये आणीबाणीत आपल्या विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही. त्या काळात देशात ठिकठिकाणी नसबंदीच्या 'केसेस' आणायची लक्ष्यं कुणाला दिली गेली होती? आपल्यालाच, शिक्षकांना. जुन्या गुरुजींना विचारा, ते विषय बदलतात.

आणि भस्मासुराची गोष्ट तरी आपण नीट आठवतो का? शंकरानं वर दिला, ज्याच्या डोक्यावर हात ठेवेल तो भस्म. हातात आयती ताकद आली आणि त्याला संपवण्याशिवाय काही सुचेना. थॅनोसचा सख्खा भाऊ शोभेल. आपण मात्र निबंधात भस्मासुर कुणाला म्हणतो? जन्मलेल्या माणसांना. मी या वर्षीपासून ते शीर्षक देणं बंद केलं आहे. तुम्ही तुमचं ठरवा.

पालकांच्या ग्रुपवर मात्र खडाजंगी झाली. एका वडिलांनी लिहिलं, "मॅडम, मुलांना राक्षसाच्या बाजूनं लिहायला शिकवून राहिले का तुम्ही? देशभक्तांचं मनोगत द्या ना." एक आई म्हणाली, तिच्या मुलाला आता कुणीच वाईट वाटत नाही, तो घरात आईनं रागावलं तरी 'तिची पण बाजू असेल' म्हणतो. (हे मला चांगलं लक्षण वाटलं, पण ग्रुपवर लिहिलं नाही.) एका वडिलांनी थॅनोसची चित्रं टाकली आणि तो बरोबरच होता असं लिहिलं. त्यांना दोन मुलं आहेत, दोन्ही माझ्याच शाळेत. मी त्यांना विचारलं, 'दोघांतला कोणता?' त्यांनी हसण्याचं चित्र टाकलं. नंतर रात्री साडेदहाला वेगळा मेसेज आला, 'सॉरी मॅडम.' सॉरी म्हणायला लावायचं नव्हतं मला. माझा प्रश्नही जरा कडकच झाला होता.

पहिल्या वडिलांना मी उत्तर दिलं ते असं. मनोगत लिहिणं म्हणजे वकीलपत्र घेणं नव्हे. तो काय म्हणतो ते आधी नीट लिहून काढलं, तर त्यात खोट कुठे आहे ते बोट ठेवून दाखवता येतं. 'थॅनोस वाईट' असं मी फळ्यावर लिहून दिलं असतं तर मुलांनी तेही सुवाच्य अक्षरात उतरवलं असतं, आणि मनात गणित पटलेलंच राहिलं असतं. ११ जुलैचं तरी दुसरं काय झालं होतं! त्यांना पटलं की नाही माहीत नाही. त्यांचा मुलगा पुढच्या तासाला आला, एवढं खरं.

पुढच्या तासाला पत्रलेखन घेतलं, 'थॅनोसला पत्र लिहा'. सुरुवातीलाच भांडण, पत्र औपचारिक की अनौपचारिक? 'प्रिय' लिहायचं नाही यावर सगळ्यांचं एकमत होतं. 'महोदय' म्हणजे मान दिल्यासारखं होतं अशी तक्रार आली. शेवटी 'मा. थॅनोस साहेब यांस' असं ठरलं, कारण नळ येत नाही तेव्हा साहेबालाच पत्र लिहितात. पत्ता, टायटन. पिनकोड रिकामा. बहुतेकांनी खायचं डबल करण्याची मागणी केली. एकानं संत्र्याची रोपं पाठवतो म्हणून लिहिलं.

तिचं पत्र छोटं होतं. "मा. थॅनोस साहेब यांस, आमच्या घरी पाच मुले आहेत. पाचही राहू द्या. आम्ही खाटेवर आडवे झोपतो, जागा होते. भाजी कमी पडली तर मी अर्धीच पोळी खाईन. आपली नम्र," आणि खाली तिनं आपलं पूर्ण नाव लिहिलं होतं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट.

अर्ध्या पोळीवर मी बराच वेळ थांबले. नऊ वर्षांची पोर अजूनही राहण्याचं भाडं देत होती. शेवटी लाल पेन बाजूला ठेवलं, निळ्या पेनानं समासात लिहिलं, "पूर्ण पोळी खायची. साहेबाला विचारायचं नाही." आणि खाली नेहमीप्रमाणे, 'पालकांची सही आणणे'.

वही दोन दिवसांनी परत आली. सही आईची असते नेहमी. या वेळी तिथे वेड्यावाकड्या, थरथरत्या अक्षरांत आजीचं नाव होतं. आजीनं ते पत्र वाचून घेतलं, की दिसली जागा तिथे नाव लिहून दिलं, हे मी अजून विचारलेलं नाही.